कोरं कपाळ

अनुसयाबाई गेल्या त्या सकाळी विभाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर हरभऱ्याची डाळ. आईनं रात्री पातेलंभर डाळ भिजत घातली होती. संध्याकाळी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बनी पार्क कॉलनीतल्या दोन-चार मराठी बायका आणि शेजारच्या माथुरचाची, एवढाच बेत. आजी बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली, पण तिनंच हट्ट धरला होता, माझ्यापायी गौर उपाशी ठेवू नका म्हणून. आता डाळ फुगून पातेल्याच्या काठाला आली होती आणि आतल्या खोलीत आजी भिंतीकडे तोंड करून, कुणाला हाकसुद्धा न मारता, संपली होती.

जयपूरच्या चैत्रात भिजलेली डाळ दुपारपर्यंत आंबते. विभा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तेवढाच विचार करत होती. रडू येईल म्हणून तिनं थोडा वेळ वाट पाहिली. आलं नाही. मग तिनं पातेल्यावर ताटली झाकली.

"अगं, खांबासारखी उभी काय राहतेस? माथुरचाचींना बोलाव," आई म्हणाली. विभाची आई, मधुमती, अशा वेळी फार कामाची बाई. ती रडत होती आणि रडता रडता कापूर, तुळस, गंगेच्या पाण्याचा गडू असं एकेक काढून ओळीनं मांडत होती. शेजारच्या गच्चीवर कॉलनीतल्या मुली गणगौरीची गाणी म्हणत होत्या. विभा कुंपणापाशी जाऊन "चाचीजी" म्हणाली मात्र, गाणं अर्ध्यातच थांबलं.

विभाला त्या दिवशी एकच काम होतं, आणि ते नेमून देणारी आत निजलेली होती. काम म्हणजे, आजीच्या कपाळाला कुणालाही कुंकू लावू द्यायचं नाही. ऐकायला अगदी सोपं. विधवेच्या कपाळाला कुंकू लावायला कशाला कोण येतंय? पण येणारं माणूस होतं. बाबांनी सकाळीच निरोप धाडला होता, त्यामुळे ते कॅन्टोन्मेंटकडून सायकलरिक्षानं निघालंही असणार. आणि ते माणूस म्हणजे विभाची जिवाची मैत्रीण होती.

हे सगळं सुरू झालं पिठाच्या चक्कीवर.

विभाचे वडील उमाकांत विमा कंपनीत अधिकारी. त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा विभा शाळेत होती, आणि आजीला हे गाव म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा वाटत होती. पाणी मचूळ, भाजी महाग, माणसं "पधारो" म्हणतात आणि पुढचं काही कळत नाही. तर एकदा चक्कीवर, घागऱ्या-ओढण्यांच्या रांगेत, अनुसयाबाईंना आणखी एक नऊवारी दिसली. इकडे विटकं तपकिरी लुगडं आणि कोरं कपाळ. तिकडे हिरवंगार इरकल आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हिरव्या लुगड्यानं तपकिरी लुगड्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुनाची गं तू?"

"वाईची."

"आगं बया! म्या साताऱ्याकडची. आन् तू हितं कशी येऊन पडलीस?"

त्या गंगूबाई. त्यांचा मुलगा हिंदुराव पलटणीत सुभेदार होता आणि पुढे निवृत्त होऊन जयपुरातच पहाऱ्याची नोकरी धरून राहिला. गंगूबाईंचा नवरा, म्हातारा शिपाईगडी, गावाकडे शेत राखून होता आणि वर्षातून एकदा येऊन बायकोच्या शिव्या खाऊन जायचा. अनुसयाबाई ब्राह्मणाच्या, गंगूबाई मराठ्याच्या. तिकडे असत्या तर एकमेकींचा उंबरा त्यांनी ओलांडला नसता. इथं चार दिवसांत अनुसयाबाईंचंही अहो-जाहो गेलं. अनुसयाबाईंचं स्वयंपाकघरात सोवळं कडक, पण गच्चीला सोवळं नसतं असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, म्हणजे गंगूबाईंना वर बसवता येई. पापड, सांडगे, कुरडया, सगळी वाळवणं दोघींनी मिळून घालायची आणि सगळा वेळ भांडायचं. गंगूबाईंची नात अलका विभाच्याच वयाची. आज्या भांडत असताना नातींनी काय करायचं? त्या मैत्रिणी झाल्या.

फक्त चैत्रात गंगूबाईंचं बिनसायचं. हळदीकुंकवाला मधुमती त्यांना कुंकू लावी, ओटी भरी, आणि अनुसयाबाई तेवढा वेळ स्वयंपाकघराच्या दाराआड. गंगूबाई ओटी सावरत तडक त्या दाराशी जात.

"बाहीर ये की गं."

"डाळ वाटतेय."

"डाळ कवाच वाटून झाली. दिसतिया मला."

"मग पन्हं करतेय. जा तू, बस बायकांत."

गंगूबाई जात, पण बायकांत बसून एकीशी धड बोलत नसत.

आणि मग तो कुरडयांचा दिवस. जयपूरला आल्यानंतरचा पहिलाच उन्हाळा. वर गच्चीवर दोघी म्हाताऱ्या शिजलेला चिक सोऱ्यात भरत होत्या. आई बाजारात गेली होती. फाटकाची कडी वाजली म्हणून विभानं जाऊन पाहिलं. एक उंच, वाळलेला म्हातारा उभा होता. धोतर, काळी छत्री, खांद्याला पिशवी.

"उमाकांतचं घर हेच का?" त्यानं मराठीत विचारलं.

विभाला नवल वाटलं. इथं बाबांना सगळे साहब म्हणत. नुसतं उमाकांत म्हणणारी एकटी आजी. तिनं म्हाताऱ्याला ओट्यावर बसवलं आणि गूळ-पाणी आणून दिलं. तो वरून पाणी प्यायला, तांब्यात घोटभर राहिलं ते उठून तुळशीला घातलं. बाबाही तसंच करत. सगळेच मराठी पुरुष तसं करत असतील असं विभाला वाटलं. तिनं फारसे पाहिले कुठं होते.

आजी खाली आली. कोपरापर्यंत हात चिकानं भरलेले. ओट्याच्या पायरीवर ती थबकली. "विभा, वर जा. गंगूला म्हणावं चिक ढवळत राहा, खाली लागेल."

विभा वर गेली. गंगूबाई कठड्याला टेकून खाली पाहत होत्या आणि चिक खाली लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं विभानंही डोकावलं, तर म्हातारा ओट्यावर मांडी घालून वाटीतला गरम चिक खात होता, तूप-साखर घातलेला. आजी दाराच्या चौकटीत उभी. वाटी संपली. त्यानं ती स्वतः विसळून पालथी घातली, छत्री उचलली आणि स्टेशनच्या दिशेनं निघून गेला.

"कोण होते गं?"

"वाट चुकलेले."

त्या संध्याकाळी बाबा उशिरा आले. हातात कलाकंदाचा पुडा. सण नाही, वार नाही. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "आज कुणी आलं होतं?" विभा सांगणार होती, पण आजीनं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पुढे होऊन बाबांच्या हातातला पुडा घेतला. "कोण येणार?" आजी म्हणाली. "बरं," बाबा म्हणाले. कलाकंद कुणी मागितला नाही. तो फडताळात राहून राहून त्याला मुंग्या लागल्या तेव्हा आईनं तो मोलकरणीला दिला आणि नवऱ्याच्या उधळेपणावर दोन दिवस बोलत राहिली.

मध्ये वर्षं गेली. विभा आणि अलका कॉलेजात गेल्या. यंदा दिवाळीच्या सुमाराला गंगूबाई वारल्या, मळवट भरून, हिरव्या बांगड्यांनी कोपर भरून, अगदी वाजतगाजत गेल्यासारख्या. अनुसयाबाई तेव्हापासून गच्चीवर चढल्या नाहीत. माघात एकदा त्यांनी अंगणात उन्हाला खाट टाकायला सांगितली आणि विभाला पायाशी बसवून घेतलं.

"तो चिक खाऊन गेलेला म्हातारा आठवतो तुला?"

"वाट चुकलेले?"

"ते तुझे आजोबा."

विभानं उघड्या दारातून आत पाहिलं. समोरच्या भिंतीवर आजोबांचा फोटो, पगडी घातलेला, मिशी नुकती फुटलेला. बाबा दर अमावास्येला त्याचा हार बदलायचे.

"असं कसं होईल? आजोबा तर..."

"तेच सांगते. मध्ये बोलू नको, मला धाप लागते."

आणि अनुसयाबाईंनी सांगितलं. भाजीचा भाव सांगावा तसं. नवरा, नागनाथ त्याचं नाव, एक दिवस बाजारला म्हणून गेला तो गेलाच. उमाकांत तेव्हा रांगता. सासरच्यांनी तिला भावाच्या दारात आणून सोडलं. बारा वर्षं ती कपाळाला कुंकू लावत राहिली. बारा वर्षं पत्ता लागला नाही की माणूस मेला असं शास्त्र म्हणतं; मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. उमाकांतनं दिला. मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला.

"नारळाचं डोकं," आजी म्हणाली. "खऱ्या डोक्यापेक्षा त्यात पाणी तरी होतं."

विभाला हसू यायला हवं होतं.

"कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. केस राहू दिले, ते भावाचे उपकार. सगळ्या बायका रडत होत्या आणि मला, खरं सांगू, सुटल्यासारखं वाटत होतं. त्याआधी जिथं जाईन तिथं, कुंकू लावता लावता विचारायच्या, काही पत्र वगैरे? काही कळलं का? ते कुंकू नव्हतं गं, चौकशी होती. पुसलं आणि चौकशी बंद झाली. त्यानंतर मी मान वर करून चालले."

"आणि ते आले तेव्हा? घरात का नाही घेतलंस?"

"घरात? कुठं ठेवू? भिंतीवर जागा होती तिथं फोटो होता." आजीनं खाटेची कड धरून धाप आवरली. "कुठं होतात, कुणाबरोबर होतात, मी काही विचारलं नाही. म्हटलं, मी तुमचं सुतक धरून बसलेय. तुम्ही जेवून जा. तो जेवला आणि गेला. समंजस होता तेवढ्यापुरता. पण उमाकांतला हे कधी कळता कामा नये. त्यानं त्या वयात बापाला अग्नी दिलाय. आता त्याला सांगू, तू नारळ जाळलास?"

"मग मला कशाला सांगितलंस?"

"गंगूमुळं. तिनं गच्चीवरून सगळं पाहिलं. तिच्यापासून लपवून काय लपणार. सोऱ्या उगारून माझ्या अंगावर आली. 'दाल्ला जित्ता हाय आन् तू कोऱ्या कपाळानं फिरतीस?' मी म्हटलं, हो, फिरते. तर म्हणते, 'फिर. पन म्येल्यावर तुझ्या कपाळाला म्या कुकू लावनार. अहेव बाईला म्या अशी जाऊ देनार न्हाई.' मी म्हटलं, तूच आधी जाशील. गेली." अनुसयाबाईंनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "गेली म्हणून मी सुटले असं समजू नको. तिनं अलकाला सांगून ठेवलं असणार. आणि एकदा का माझ्या कपाळाला कुंकू दिसलं, की उमाकांत विचारणार, हे काय? तू लावू द्यायचं नाहीस. घाल माझ्या हातावर हात."

विभानं हात घातला. त्या दिवसापासून तिचं सगळं जरा बधिरच झालं होतं. दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल आपला राहत नाही, तसं. वर्गात अलका शेजारी बसे, वही मागे, कँटीनमधला समोसा अर्धा करून देई. विभा खाई. अलकाला माहीत आहे की नाही? विचारावं तर गुपित फुटणार, न विचारावं तर समोसा गिळवत नाही. अलकाही आताशा कमी बोलत होती. परीक्षा जवळ आली म्हणून असेल, असं विभानं स्वतःला सांगितलं.

तर त्या सकाळी अलका आली. रिक्षावाल्याला "भैया, रुको मत, जाओ" म्हणत उतरली, खांद्याला कापडी पिशवी. बाहेर ओट्यापाशी बाबा आणि गजाननशास्त्री बांबूंची बांधाबांध करून घेत होते. मधल्या खोलीत आजीला न्हाऊ घालून जमिनीवर निजवलं होतं. अलका वाकली, आजीच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि उठताना पिशवी पोटाशी धरून ठेवली. ते विभानं पाहिलं.

आई नवं पांढरं लुगडं काढायला ट्रंकेकडे गेली. माथुरचाची हापशावर पाण्याला गेल्या. खोलीत दोघीच उरल्या.

"पिशवीत काय आहे?" विभानं विचारलं.

"काही नाही."

"डबी आहे ना?"

अलकानं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग राग. "तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं."

"मतलब, तुला माहिती होतं? कधीपासून?"

"माघापासून. तुला?"

"दिवाळीपासून. आज्जी दवाखान्यात होती तेव्हा. आणि तू रोज माझ्या शेजारी बसून माझा समोसा खात होतीस?"

"तू देत होतीस म्हणून."

"हद है!" अलका कुजबुजत ओरडली. तिनं पिशवीतून डबी काढली. गंगूबाईंची पितळी डबी, झाकणाला पोचा आलेली. तिच्यासोबत रुमालात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. "विभा, बाजूला हो. चाची येईल."

"नाही होणार. मी हातावर हात घातलाय."

"माझ्या डोक्यावर तिचा हात होता! मग आता?"

"आता काय. तुझी लावायला सांगून गेली, माझी लावू देऊ नको म्हणून."

"दोघींनी आपसात ठरवून टाकायला काय झालं होतं?"

"ठरवलं असतं तर भांडण संपलं असतं ना."

विभानं अलकाचं मनगट धरलं होतं. आजीच्या बरोबर वर, दोघींचे हात असे अधांतरी. खाली तो शांत चेहरा, ओले केस मागे सारलेले, कपाळ धुतलेल्या पाट्यासारखं स्वच्छ. विभाला दिसत होतं सगळं. नुसतं दिसतच होतं.

"तुला वाटतं माझी आज्जी तुझ्या आजोबांसाठी म्हणत होती?" अलकाचा आवाज फाटला. "मी पण तिला तेच म्हटलं. म्हटलं, पळून गेलेल्या माणसासाठी कशाला? तर म्हणाली, त्याचं मला काय करायचंय मुडद्याचं. दर चैताला मी त्यांच्यात जाऊन कुकू लावून घेते, आणि माझी मैतरीण दाराआड. मला माझ्या हातानं एकदा तिला लावायचंय. बास." अलकानं नाक बाहीला पुसलं. "एवढंच मागितलं तिनं. दुसरं काही नाही मागितलं माझ्याकडून, कधी."

विभाची बोटं सैल झाली. तिनं मुद्दाम केली नाहीत, झाली. दाराआड उभी राहिलेली आजी तिनं दर चैत्रात पाहिली होती. बाहेर हसण्या-बोलण्याचा आवाज चढला की आजी पाटा धुवायला घ्यायची. धुतलेला पाटा पुन्हा धुवायची. मान वर करून चालणारी ती बाई आणि ही पाटा धुणारी, दोन्ही एकच. मग हात घातला होता तो कुणाच्या हातावर?

अलकानं डबी उघडली. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. विभा पाहत राहिली आणि तिनं मनगट पुन्हा धरलं नाही.

"अलका."

दारात बाबा उभे होते. ओलं धोतर, उघडं अंग, जानवं. शास्त्रीबुवांनी आटपलं का पाहायला धाडलं असणार. त्यांनी डबीकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं. काय चाललंय असं विचारलं नाही.

"राहू दे बाळ," ते म्हणाले. "गंगूबाईंचा जीव होता तिच्यावर, मला ठाऊक आहे. पण ते तिनं विचार करून पुसलंय. पहिल्यांदा लोकांनी पुसलं. दुसऱ्यांदा तिनं."

विभाला आपलाच आवाज लांबून ऐकू आला. "बाबा, तुम्हाला..."

"आधी माझ्याकडे ऑफिसात आले होते. घराचा पत्ता मीच दिला." बाबा आजीच्या पायांकडे पाहून बोलत होते. "म्हटलं, आई घरी आहे. ती ठेवून घेईल तर मी संध्याकाळी येऊन पाया पडेन. मिठाई घेऊन आलो होतो."

कलाकंद. मुंग्या लागलेला.

"आणि तरी श्राद्ध घालता? हार बदलता?"

"न बदलून काय करतो? तिनं विचारलं असतं, हार का नाही घातलास, तर सांगू काय?" बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं, नुसतंच, तोंड ओलं नव्हतं. "एकदा नारळाला बाप म्हटलं की म्हटलं. तो बरा होता. माझ्या हातून त्याचं सगळं रीतसर झालं."

आई लुगडं घेऊन आत आली. "इथं काय उभे आहात तुम्ही? बायकांत?"

"झालं का विचारायला आलो."

"होतंय. जा बाहेर."

बाबा गेले. आईनं दोघींच्याही तोंडांवरून नजर फिरवली. सुनेला या घरात कुणी काही सांगत नव्हतं. सगळं निस्तरायचं तेवढं तिच्याकडे. तिनं लुगड्याची घडी उलगडली. "अलका, ती पिशवी उचल बरं तिथून. पायात येते."

अलकानं डाव्या हातानं झाकण दाबलं. लाल बोट तिनं मुठीत लपवलं.

अनुसयाबाई कोऱ्या कपाळानं गेल्या. चांदपोलच्या स्मशानाकडे माणसं निघाली तेव्हा आई फाटकाशी बसून मोठ्यानं रडली, माथुरचाची रडल्या, अलका रडली. विभा उभी होती. तिला वाटत होतं, आपण इतके दिवस एका दाराला पाठ लावून, पाय रोवून उभ्या होतो, आणि त्या दाराला पलीकडून कुणी कधी धक्का दिलाच नव्हता. पाठ मात्र दुखत होती. आईनं मुलापासून लपवलं, मुलानं आईपासून, आणि दोघांनी मिळून एका फोटोला ताजी फुलं पुरवली. ह्याला काय म्हणायचं? प्रेम म्हणत असतील.

मग विभा आणि अलकानं मिळून जमीन धुतली. आजी निजली होती तिथं पणती लावली. आई आत कोपऱ्यात चटईवर पडून राहिली. घरात चूल पेटायची नव्हती. विभा स्वयंपाकघरात गेली आणि पातेल्यावरची ताटली उचलली. डाळीला बारीक फेस आला होता.

"हिचं काय करू?"

"काय आहे?"

"चैत्रगौरीची डाळ."

"माथुरचाचीची गाय खाईल," अलका म्हणाली.

पातेलं दोन बाजूंनी धरून त्या मागच्या दारानं गेल्या. गाय कडुलिंबाखाली बांधलेली होती. विभानं डाळ घमेल्यात ओतली. गायीनं हुंगलं, एकदा त्या दोघींकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून आवाज करत खाऊ लागली. त्या बघत राहिल्या. दुपारचं ऊन, लिंबाचा फुलोरा खाली गळत होता. दूर स्टेशनवर इंजिनानं शिट्टी दिली.

अलकानं मूठ उघडली. कुंकू घामानं ओलं होऊन तळहातभर पसरलं होतं, पण बोटावर अजून गडद होतं.

"हे कुठं पुसू? धुवायला नको वाटतं. आज्जीचं आहे."

विभानं बोटाकडे पाहिलं, गायीकडे पाहिलं. गायीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, नेमका मधोमध. दारासमोर आलेल्या गायीला आजी स्वतः कधी कुंकू लावत नसे, पण विभाला मात्र लावायला पाठवी.

"तिला लाव."

"गायीला?"

"हळदीकुंकवाची डाळ खातेय ना. मग बोलावणं तिलाच होतं."

अलकानं हात पुढे केला. गायीनं मान झटकली. पुन्हा पुढे केला आणि मध्येच थांबून, अगदी गंभीर तोंडानं, गंगूबाईंच्या आवाजात विचारलं, "पर अहेव हाय का गं ही?"

"विचारू नको. चौकशी करायची नाही."

अलकानं गायीच्या कपाळावर टिळा ओढला. वाकडा आला, मोठा आला, रुपयाएवढा. गाय डाळ खात राहिली. कपाळ लाल, तोंडाला फेस, एकदम कुणाची तरी थोरली जाऊबाई दिसायला लागली. विभाच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. तिनं ओठ मिटले. ते नाकातून बाहेर पडलं. सुतकाच्या घरामागे उभं राहून ती हसत होती, रिकामं पातेलं पोटाशी धरून, आणि अलका तिच्या खांद्यावर डोकं आपटत हसत होती, "तुझी आजी हट्टी," असं म्हणत, विभानं "आणि तुझी?" विचारलं की "तिच्याहून, तिच्याहून."

मागच्या दाराशी आईची चाहूल लागली. माथुरचाची तिला आत ओढत होत्या. "रोने दो बहूजी, रोने दो. सुबह से पत्थर बनी बैठी थी बच्ची."

विभाला सांगायचं होतं, चाची, मी रडत नाहीये. पण तिनं तोंडावरून हात फिरवला, तर हात ओला झाला होता.